तळघरातली प्रतिसृष्टी आणि दोन मुलगे

‘ट्रॉन : लेगसी’ हा जोसेफ कोसिन्स्कीचा चित्रपट १७ डिसेंबर २०१० रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. १९८२ सालच्या ‘ट्रॉन’चा हा पुढचा भाग. संगणकाच्या आत एक जग आहे, ते घडवणारा माणूस त्यातच अडकून पडतो आणि वीस वर्षांनी त्याचा मुलगा त्याला शोधत आत उतरतो, एवढी त्याची गोष्ट. या चित्रपटाविषयी जे लिहिले गेले ते बहुतेक दोन गोष्टींभोवती फिरते : प्रकाशाच्या रेघांनी आखलेले त्याचे देखणेपण, आणि डाफ्ट पंक या फ्रेंच जोडगोळीचे संगीत. कथा मात्र पातळ आहे, असा शेरा जवळपास प्रत्येकाने मारला आहे. मला तो मान्य नाही. कथेत भरपूर ऐवज आहे, पण चित्रपटाने स्वतःच त्याकडे पाठ फिरवली आहे, आणि हा दोष पातळपणाहून निराळा व अधिक गंभीर आहे. ‘लेगसी’ म्हणजे वारसा. हा शब्द शीर्षकात मिरवणाऱ्या चित्रपटाने वाटणी कशी केली, हे मला या लेखात तपासायचे आहे.

पाहण्याच्या परिस्थितीबद्दल आधी थोडे सांगायला हवे, कारण तिचा निष्कर्षांशी संबंध आहे. मी हा चित्रपट तीनदा पाहिला तो नागऱ्यात, घरी, लॅपटॉपच्या पडद्यावर. २०१०मध्ये चित्रपटगृहात गेलेल्या प्रेक्षकाला सुरुवातीलाच सूचना मिळत असे की काही दृश्ये मुद्दाम सपाट चित्रित केलेली आहेत, तरी चष्मा काढू नये. बाहेरचे जग द्विमितीत आणि यंत्राच्या आतले जग त्रिमितीत, अशी ती योजना होती. ‘द विझर्ड ऑफ ऑझ’मध्ये कॅन्ससचे घर करड्या-तपकिरी रंगात आणि ऑझ रंगीत दिसते, तोच जुना तोडगा. लॅपटॉपवर तो उरत नाही. दोन्ही जगे सारखीच सपाट होतात आणि समोर उरतात ती माणसे : कोण कोणाला काय म्हणाले, कोणी कोणाला काय दिले. अशा वेळी हा चित्रपट एखाद्या घरगुती नाटकासारखा दिसू लागतो. दिपवणारे बाजूला झाल्यावर जे दिसले, त्याचीच ही चिकित्सा आहे.

मूळ ‘ट्रॉन’ स्टीव्हन लिसबर्गरने दिग्दर्शित केला होता. केविन फ्लिन (जेफ ब्रिजेस) हा संगणकावरचे खेळ लिहिणारा तरुण. त्याचे खेळ एनकॉम कंपनीतल्या वरिष्ठाने चोरलेले असतात. पुरावा शोधण्यासाठी तो कंपनीच्या प्रयोगशाळेत शिरतो आणि तिथला लेसर त्याचे कण-कण सुटे करून त्याला यंत्राच्या आत ओढून घेतो. आतल्या जगात प्रोग्राम्स माणसांच्या रूपात वावरतात, आणि प्रत्येकाला ते लिहिणाऱ्याचा चेहरा असतो. तिथे सत्ता आहे मास्टर कंट्रोल प्रोग्रामची. ‘युजर’ नावाचा कोणी आपल्याला घडवतो, आपल्याला काम देतो, अशी श्रद्धा बाळगणाऱ्या प्रोग्राम्सना पकडून मरेपर्यंत खेळवले जाते.

या चित्रपटाचे तंत्र आज पाहताना हसू येईल, पण त्यामागचे कष्ट समजून घेण्यासारखे आहेत. आतल्या जगातले नट कृष्णधवल ६५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित केले गेले, मग प्रत्येक चौकट मोठी करून, मागून प्रकाश टाकून, अंगावरच्या रेषा हाताने उजळवल्या गेल्या. निव्वळ संगणकाने काढलेली दृश्ये मोजकी, पंधरा-वीस मिनिटांची. ती करणाऱ्या चारपैकी एका संस्थेत, मॅजीत, तेव्हा केन पर्लिन काम करत होता. संगणकाच्या चित्रांचा गुळगुळीत, निर्जीवपणा त्याला खटकला आणि पुढे त्यातूनच त्याने पृष्ठभागांना खडबडीत, नैसर्गिक पोत देणारे गणित रचले. ‘पर्लिन नॉइज’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या गणिताला १९९७मध्ये ऑस्कर अकादमीचे तांत्रिक पारितोषिक मिळाले. खुद्द ‘ट्रॉन’ला मात्र दृश्यपरिणामांचे नामांकनही मिळाले नव्हते. संगणक वापरणे ही लबाडी आहे असे तेव्हा अकादमीला वाटले, असे लिसबर्गरने नंतर सांगितले आहे.

इथे एक अवांतर, पण नागऱ्यात बसून लिहिताना ते टाळणे मला जमणार नाही. फ्लिनला आत ओढणाऱ्या प्रयोगशाळेची काही दृश्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर या खऱ्या सरकारी प्रयोगशाळेत चित्रित झाली. तिथे वीस किरणशलाका एका बिंदूवर रोखणारा एक प्रचंड लेसर होता. अनेक हातांच्या देवावरून त्याचे नाव ठेवले होते ‘शिवा’. आमच्या गावाची ओळख म्हणजे इथले पुरातन शिवमंदिर. महाशिवरात्रीला गोंदियाहून आणि पलीकडच्या बालाघाटकडूनही माणसे येतात. त्यांतल्या कोणाला सांगितले, की माणसाला दुसऱ्या सृष्टीत पाठवणारे हॉलिवूडचे पहिले यंत्र महादेवाच्या नावाचे होते, तर त्याला त्यात नवल वाटणार नाही. त्याला वाटेल, दुसऱ्या कोणाच्या नावाचे असणार?

पहिल्या चित्रपटातला एक क्षण मला फार मोलाचा वाटतो. फ्लिन आपण युजर आहोत हे ट्रॉन या योद्ध्या प्रोग्रामला सांगतो. ट्रॉनला वाटते, आता सगळ्याचा अर्थ लागणार. जे घडले त्यामागे काही योजना असणार. फ्लिन ओशाळून सांगतो, की समोर येईल ते रेटत राहायचे, कितीही वेडेपणाचे वाटले तरी, हे जसे तुमचे चालते तसेच बहुतेक वेळा आम्हा युजरांचेही चालते. देवाने भक्तापाशी दिलेली ही कबुली आहे. तिच्यात चित्रपटाचा सगळा मोकळेपणा आहे. दुसऱ्या भागातला फ्लिन हेच वाक्य विसरलेला आहे, आणि पुढचे सगळे अनर्थ त्यातून घडतात.

मधल्या अठ्ठावीस वर्षांत काय बदलले ते वाचकांना माहीत आहे. म्हणूनच ‘लेगसी’ची पहिली अडचण तिथे आहे. १९८२च्या चित्रपटात मास्टर कंट्रोल प्रोग्राम इतर कंपन्यांची यंत्रे गिळत चाललेला असतो, त्याची नजर पेंटागॉन आणि क्रेमलिनवर असते. जाळ्याची भीती म्हणजे काय हे त्या चित्रपटाला सामान्य माणसाच्या हाती जाळे येण्याआधीच उमगले होते. २०१०च्या जुलैत फेसबुकने पन्नास कोटी वापरकर्त्यांचा आकडा ओलांडला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात आलेल्या ‘लेगसी’तले जग मात्र एका बंद पडलेल्या खेळघराच्या तळघरात, कशालाही न जोडलेल्या एका यंत्रात कोंडलेले आहे. फ्लिनने १९८०च्या दशकात ते गुपचूप रचले. तेव्हापासून त्यात बाहेरचे काही आलेले नाही. त्याच वर्षी ‘द सोशल नेटवर्क’ आला होता. त्यात यंत्राच्या आतले एकही दृश्य नाही, सगळे घडते ते वसतिगृहाच्या खोल्यांत आणि वकिलांच्या टेबलांवर. तरीही आपण सगळे ज्या जगात राहायला गेलो होतो त्याची हकिकत त्यात जास्त आहे.

चित्रपटाला हे ठाऊक नव्हते असे नाही. सुरुवातीच्या एका प्रसंगात एनकॉम कंपनी आपल्या प्रणालीची बारावी आवृत्ती बाजारात आणत असते. शाळांकडून आणि विद्यार्थ्यांकडून आपण एवढे पैसे घेतो, तर यात नवे काय, असे वृद्ध ॲलन ब्रॅडली विचारतो. अधिकारी उत्तर देतो, की यंदा आपण खोक्यावर बाराचा आकडा घातला आहे. पुढच्या भागांच्या धंद्यावर याहून नेमके भाष्य कुठल्या पुढच्या भागाने केल्याचे मला आठवत नाही. पण विनोद करून झाल्यावर चित्रपट तळघरात जातो आणि आपल्या खोक्यावरचा आकडा बदलतो.

कोसिन्स्की वास्तुरचनेचे शिक्षण घेतलेला, आणि हा त्याचा पहिलाच चित्रपट. वास्तुकाराची नजर प्रत्येक चौकटीत आहे. काळ्या काचेसारखे रस्ते, ढगांनी कायम झाकलेले आकाश, कुठेच सूर्य नाही. उजेड येतो तो कपड्यांच्या शिवणींतून, फरशीतून, भिंतींतून. नटांच्या अंगावरच्या पट्ट्या चित्रीकरणाच्या वेळी खरोखर पेटत होत्या. फ्लिनचे दूर कड्यावरचे घर तर विसरता येत नाही : खालून उजळलेली पांढरी जमीन, जुन्या धाटणीच्या खुर्च्या, पुस्तकांचे कपाट, गो या खेळाचा पट. हे सौंदर्य पोकळ आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या जगाला ‘परिपूर्ण’ करण्याची आज्ञा दिली गेली ते असेच दिसणार. इथे कचरा नाही, म्हातारे कोणी नाही, कोणी खाताना दिसले तर ते फक्त फ्लिनच्या घरी. संगीतही तसेच. मोठा वाद्यवृंद आणि यंत्रध्वनी एकमेकांत असे मुरवले आहेत, की एखादा सूर तारेचा की विजेचा ते कळू नये. कथेला जे म्हणायचे धैर्य झाले नाही ते मला अनेकदा या संगीतात ऐकू आले.

अशा चित्रपटांविषयी मराठीत बोलताना आपल्या हाती ‘आभासी’ हा शब्द येतो, आणि तो घोटाळा करतो. आभास म्हणजे जे नाही ते दिसणे. करोनाच्या काळात ‘आभासी वर्ग’ भरले, पण त्यांतल्या परीक्षांचे गुण खरे होते. ‘आभासी चलना’त बुडालेले पैसेही खरेच असतात. ‘ट्रॉन’मालिकेतले जग आभास नाही. ‘द मेट्रिक्स’ने १९९९मध्ये सांगितले, की तुमचे हे रोजचे जगच खोटे आहे. तिथे आतून बाहेर पडणे म्हणजे जागे होणे. ‘ट्रॉन’मध्ये कोणी झोपलेले नाही. आत मेलेला मेलेलाच असतो. हे दुसरे गाव आहे, वेगळ्या कायद्याचे. आपल्याकडे यासाठी फार जुना आणि नेमका शब्द आहे, प्रतिसृष्टी, आणि तो विश्वामित्राचा आहे.

रामायणाच्या बालकांडातली ती कथा अशी. त्रिशंकूला सदेह स्वर्गात जायचे होते. वसिष्ठांनी नाही म्हटले, विश्वामित्राने पत्करले. इंद्राने त्रिशंकूला ढकलून दिले तेव्हा विश्वामित्राने त्याला मध्येच थोपवले आणि रागाच्या भरात दक्षिणेकडे नवे सप्तर्षी, नवी नक्षत्रे घडवायला घेतली. नवा इंद्रही घडवीन म्हणाला. देव घाबरून तडजोडीला आले. त्रिशंकू तिथेच राहिला, खाली डोके, वर पाय, त्याच्यासाठी बनवलेल्या ताऱ्यांमध्ये. फ्लिनमध्ये हे दोघेही आहेत. जग घडवणारा तोच आणि त्यात उलटा टांगला गेलेला तोच. बाहेर जाण्याचे दार फक्त बाहेरूनच उघडते आणि थोड्याच वेळात मिटते. एके रात्री, १९८९ साली, ते मिटले आणि तो आत राहिला. आतल्या काळाचा वेग निराळा, बाहेरच्या मिनिटांत आतले तास जातात. म्हणजे बाहेरची वीस वर्षे त्याच्या वाट्याला किती पटींनी आली असतील याचा हिशेब करवत नाही. चित्रपट तो करत नाही. फ्लिनला पांढरी दाढी देतो, ध्यानाला बसवतो आणि पुढे जातो.

विश्वामित्राच्या कथेत एक गोष्ट कोणी विचारत नाही. त्या नव्या ताऱ्यांचे पुढे काय झाले? ते कोणाचे? ‘लेगसी’चा खरा विषय इथे सुरू होतो.

फ्लिनने आपले जग उभारण्यासाठी दोन साथीदार घेतले. जुन्या यंत्रातून आणलेला ट्रॉन, आणि स्वतःच्याच चेहऱ्याचा एक प्रोग्राम, क्लू. क्लूला त्याने एकच काम सांगितले : परिपूर्ण व्यवस्था उभी कर. इथे पहिला भाग आठवावा. त्यातही क्लू नावाचा फ्लिनचा एक प्रोग्राम आहे, फ्लिनचाच चेहरा घेऊन फ्लिनसाठी पुरावा शोधायला गेलेला. तो सुरुवातीच्या काही मिनिटांत पकडला जातो आणि नष्ट होतो. फ्लिन खुर्चीत बसून कळफलक बडवत चुकचुकतो. म्हणजे या नावाचे आणि या चेहऱ्याचे दोन प्रोग्राम फ्लिनच्या कामासाठी राबले आणि दोन्ही वेळा फ्लिन दुसरीकडे होता.

दुसरा क्लू कामाला लागतो. फ्लिन रात्री येतो, काही तास थांबतो, मग घरी मुलाकडे जातो. बाहेरचा मुलगा सॅम, सात वर्षांचा, रात्री झोपताना बापाकडून त्या अद्भुत जगाच्या गोष्टी ऐकतो. आतला मुलगा ते जग चालवतो. मग एक दिवस त्या जगात कोणी न घडवलेले जीव उगवतात. त्यांना आयएसओ म्हटले आहे. ते कोणी लिहिलेले नाहीत, परिस्थिती जुळून आली आणि ते आपोआप झाले. फ्लिन हरखून जातो. विज्ञान, वैद्यक, धर्म सगळे यांच्यामुळे बदलेल असे त्याला वाटू लागते, आणि ज्या व्यवस्थेसाठी क्लूला राबवले तिच्याकडे त्याचे लक्ष उरत नाही. क्लूच्या लेखी आयएसओ म्हणजे व्यवस्थेतला दोष. तो उठाव करतो, ट्रॉनला पाडतो, फ्लिनला परागंदा करतो आणि आयएसओंचा वंशच संपवतो.

आमच्या भागात धानाच्या बांधीत करगा उगवतो. तो कोणी पेरत नाही. दिसायला धानासारखाच, लोंबी येईपर्यंत भल्याभल्यांना ओळखू येत नाही, आणि पिकण्याआधीच दाणे झडून पुढल्या वर्षी पुन्हा उभा राहतो. निंदणाला बसलेली बाई तो उपटते. तिचे चूक नाही, तिला तसे सांगितलेले असते. आता समजा, जमिनीचा मालक शहरातून येतो आणि म्हणतो, अरे, हाच खरा चमत्कार होता, तुम्ही हे काय केले? ही तुलना एका मर्यादेपर्यंतच नेता येईल. आयएसओ बोलतात, भितात, मरतात. क्लूने केला तो वंशसंहार आहे, आणि त्याला ‘सांगितले होते म्हणून केले’ हे उत्तर होत नाही. विसाव्या शतकाने ते उत्तर न्यायालयात ऐकलेले आहे आणि नाकारलेले आहे. पण आज्ञा देणाऱ्याचे काय, हा प्रश्न त्याने मिटत नाही. ‘परिपूर्ण’ या शब्दाचा अर्थ न सांगता तो कोणाच्या तरी हाती देऊन रात्री घरी निघून जाणाऱ्याचे काय?

या संहाराला चित्रपटाने किती जागा दिली? फ्लिनच्या तोंडची एक आठवण, थोडी दृश्ये. त्यानंतर गाड्यांची शर्यत आणि विमानांचा पाठलाग. मला इथे चित्रपटाचा खरा राग आला. एका अख्ख्या जमातीचे मरण जेवणाच्या टेबलावर सांगून उरकायचे आणि मग मुलाला बापाची माफी मागायला-द्यायला तासभर द्यायचा, हा हिशेब जमणारा नाही.

वाचलेली एकच आयएसओ आहे, क्वोरा (ऑलिव्हिया वाइल्ड). तिच्यावर मात्र चित्रपटाचे प्रेम आहे. फ्लिनने तिला वाढवले, वाचायला शिकवले. त्या कड्यावरच्या घरातल्या कपाटात टॉल्स्टॉय आहे, दस्तयेवस्की आहे, पण सॅमला ती हळूच सांगते, की तिचा लाडका लेखक ज्यूल व्हर्न. आणि विचारते, तू ओळखतोस का त्याला? कसा आहे तो? पुस्तक लिहिणारा माणूस बाहेर कुठेतरी राहत असणार आणि सॅम त्याला भेटलेला असणार, हे ती गृहीत धरून चालते. भा. रा. भागवतांच्या मराठीतून व्हर्न वाचलेल्या आमच्या पिढीला हा प्रश्न चटका लावून जाईल. लहानपणी मलाही व्हर्न फ्रेंच होता की पुण्याचा हे नीटसे माहीत नव्हते. क्वोराने सूर्योदय कधीच पाहिलेला नाही. कसा असतो, असे ती विचारते तेव्हा सॅमला दोन-तीन विशेषणांपलीकडे काही सुचत नाही. पटकथेतली ही सर्वांत खरी जागा आहे, कारण इथे दुसऱ्या सृष्टीची रहिवासी आपल्या सृष्टीकडे तिच्या बाजूने पाहते.

आता दोन मुलग्यांकडे येऊ. आमच्या जिल्ह्यात ही गोष्ट कोणालाही समजावून सांगावी लागणार नाही. एक भाऊ नागपूरला किंवा पुण्याला जातो. दुसरा मागे राहतो, रोवणी करतो, चुरणा करतो, म्हाताऱ्याच्या शब्दाबाहेर जात नाही. पंधरा-वीस वर्षांनी पहिला येतो, म्हाताऱ्याच्या गळ्यात पडतो, दोघेही रडतात, आणि मग सातबाऱ्याचा विषय निघतो. मागे राहिलेल्याने मधल्या काळात काय-काय केले, त्यात वाईट किती आणि चांगले किती, याची चौकशी कोणी करत नाही. तो एव्हाना खाष्ट झालेला असतो, गावात त्याच्याविषयी बरे बोलले जात नाही. गळाभेटीच्या चित्रात तो दाराशी उभा असतो.

क्लू हा तो मुलगा आहे. सॅमला तो पहिल्यांदा भेटतो तेव्हा सॅम त्याला बापच समजतो, आणि मी तुझा बाप नव्हे, हे क्लूला सांगावे लागते. पुढे फ्लिनच्या कड्यावरच्या घराचा पत्ता त्याला लागतो, पण तोवर सगळे निघून गेलेले असतात. रिकाम्या घरातून तो एकटा फिरतो, तिथल्या वस्तू हातात घेतो आणि मग संतापाने टेबलावरचे सगळे उधळतो. या घरात त्याला कधीच बोलावलेले नव्हते. शेवटी पुलावर बाप समोर येतो तेव्हा क्लू ओरडतो, की तू सांगितलेस ते सगळे मी केले. फ्लिन म्हणतो, हो, केलेस. परिपूर्णता जाणता येत नाही, ती अशक्यही आहे आणि कायम डोळ्यांसमोरही असते. तुला घडवले तेव्हा मलाच हे माहीत नव्हते, तर तुला कसे असणार, अशा अर्थाचे तो बोलतो आणि क्षमा मागतो. निर्मात्याने निर्मितीची मागितलेली क्षमा! शेलीच्या फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाला जी शेवटपर्यंत मिळाली नाही ती क्लूला मिळते. आणि त्यानंतर चित्रपट काय करतो? बाप त्याला आपल्यात ओढून घेऊन नष्ट करतो, म्हणजे सॅम आणि क्वोरा बाहेर निसटावेत. एका मुलाला जग मिळते. दुसऱ्याला क्षमा मिळते, आणि तीही अर्धे मिनिट.

या निकालाविरुद्ध चित्रपटातच एक साक्षीदार आहे, तो म्हणजे क्लूचा चेहरा. साठीच्या जेफ ब्रिजेसने अभिनय केला, त्याच्या चेहऱ्याच्या हालचाली शिरस्त्राणावरच्या चार कॅमेऱ्यांनी टिपल्या, आणि डिजिटल डोमेनच्या तंत्रज्ञांनी त्यावर पस्तिशीचा ब्रिजेस चढवला. ओठ किंचित मागे राहतात, गाल हलत नाहीत, डोळ्यांत ओल नाही. समीक्षकांनी याला अपयश म्हटले. काहींनी बचाव केला, की क्लू नक्कलच आहे, तेव्हा तो नकली दिसणे योग्यच. हा बचाव पटला असता. पण चित्रपटाच्या अगदी सुरुवातीला, १९८९ सालच्या त्या झोपण्याच्या प्रसंगात, खरा तरुण फ्लिन सॅमला गोष्ट सांगतो, आणि त्यालाही हाच कृत्रिम चेहरा दिलेला आहे. दिग्दर्शक शक्य तितका वेळ तो अंधारात ठेवतो, पाठीमागून दाखवतो, पण शेवटी तो वळतोच. म्हणजे सॅमच्या आठवणीतला प्रेमळ बाप आणि क्लू एकाच साच्यातून निघालेले आहेत. सॅम ज्याच्यासाठी वीस वर्षे झुरला तो चेहरा आणि ज्याचा नाश पाहून प्रेक्षकाने सुटकेचा श्वास सोडायचा तो चेहरा, यांत तसूभर फरक नाही. दिग्दर्शकाला हे अभिप्रेत होते असे मला वाटत नाही. पण वाटणीच्या कागदावर खोटी सही कोणाची, हे त्या एका चुकीने उघड होते.

रचलेल्या जगाशी कसे वागायचे, याची दुसरी एक रीत आमच्या शेजारी आहे, म्हणून तिचा उल्लेख करतो. दिवाळी झाली की झाडीपट्टीत मंडया भरतात आणि नाटकांचा हंगाम सुरू होतो. अर्जुनी मोरगावपासून पलीकडे वडसा, गडचिरोलीपर्यंत रात्र-रात्र नाटके होतात. धान निघालेल्या मोकळ्या जागेत मांडव उभा राहतो, त्यात वाडा, कोर्ट, नदीकाठ सगळे एका रात्रीत होऊन जाते. समोरची बाई रडते तेव्हा तिला पक्के माहीत असते, की रडवणारा नट मघाशी टपरीवर चहा पीत होता. पहाटे मांडव सुटतो, कंपनीची गाडी दुसऱ्या गावाला जाते. या जगात कोणी अडकत नाही, कारण ते परिपूर्ण करण्याची आज्ञा कोणी कोणाला दिलेली नसते, आणि त्याला दोन्ही बाजूंनी दार असते. ‘लेगसी’च्या जगाला एकच दार आहे, तेही एकाच घराण्याच्या किल्लीने उघडणारे. मालिकेत इतके तत्त्वज्ञान बोलले जाते, पण हे दार सर्वांना का नाही, असे तिथला एकही साधा प्रोग्राम विचारत नाही. क्लू मात्र विचारतो. आपली फौज घेऊन बाहेर जायचा त्याचा बेत आहे, आणि चित्रपट त्याला आक्रमण म्हणतो. क्वोरा तेच दार ओलांडते तेव्हा तो मुक्ती म्हणतो. फरक आहेच; एकाच्या हाती शस्त्र आहे, दुसरीच्या नाही. तरी तिला जाता आले ते मालकाच्या मुलाचा हात धरून, हेही खरे.

चित्रपटाला सुमारे सतरा कोटी डॉलर खर्च आला आणि जगभरातून सुमारे चाळीस कोटी मिळाले. ना पडला, ना गाजला. ऑस्करला ध्वनिसंपादनाचे एक नामांकन मिळाले. दृश्यपरिणामांच्या यादीत हाही नव्हता. बापाचा हा एक वारसा मुलाने इमानाने चालवला. तिसरा भाग, ‘ट्रॉन : एरीस’, यायला २०२५चा ऑक्टोबर उजाडला. त्यात आतले प्रोग्राम देह धारण करून बाहेर येतात, पण एकोणतीस मिनिटांत विरून जातात, आणि सगळी धावपळ त्यांना टिकवण्याची आहे. दिग्दर्शक बदलला, संगीत बदलले, गोष्ट आमच्या जगाच्या रस्त्यांवर आली. मला तो ‘लेगसी’इतका देखणा वाटला नाही. पण आतल्याला बाहेर किती वेळ राहण्याचा हक्क आहे, हा प्रश्न निदान मिनिटांत मोजून समोर ठेवला, एवढे श्रेय त्याला देतो.

वाटणीत एक नाव अजून राहिले आहे. क्लूच्या फौजेत रिंझलर नावाचा एक मुखवटाधारी लढवय्या असतो. तो बोलत नाही, फक्त घशातून घरघर करतो. हा मूळचा ट्रॉन. पराभवानंतर क्लूने त्याची स्मृती पुसून त्याला आपला मारेकरी केलेले असते. शेवटच्या विमानयुद्धात फ्लिनवर नजर पडताच त्याला काहीतरी आठवते. आपण युजरांसाठी लढतो, असे तो म्हणतो आणि विमान क्लूवर घालतो. झटापटीत तो खालच्या काळ्या समुद्रात पडतो. बुडता-बुडता त्याच्या अंगावरच्या तांबूस रेघा पालटून पूर्वीच्या निळसर-पांढऱ्या होतात. दोन्ही चित्रपटांना ज्याचे नाव आहे तो हा. कॅमेरा काही सेकंद त्याच्यावर थांबतो, मग वर पुलाकडे वळतो, जिथे बाप आणि मुलगे वाट पाहत आहेत. सॅम बाहेर आल्यावर ॲलनला भेटतो. ज्या ॲलनने ट्रॉनला लिहिले, ज्याचा चेहरा ट्रॉनने आयुष्यभर वागवला, तोच हा ॲलन. उद्यापासून कंपनी मी चालवणार, तुम्ही अध्यक्ष व्हा, असे सॅम त्याला सांगतो. समुद्रात कोण पडले, ते सांगत नाही.